कुरळ्या विगचा रंग उजळवताना

प्रश्न : केमोथेरपीच्या वेळी घेतलेला माझा १४ इंची कुरळा विग काळाकुट्ट आहे. तो मधासारखा तपकिरी करायचा आहे. पार्लरवाले विगला हात लावत नाहीत. घरी ब्लीच केलं तर चालेल का? (सांगली)

उत्तर : आधी केस कशाचे आहेत ते पाहा. आतल्या बाजूचे तीन-चार केस वेगवेगळ्या जागांवरून कापा, चिमट्यात धरून जाळा. चुरगळणारी राख झाली आणि जळक्या केसांचा वास आला तर केस माणसाचे. वितळून टणक मणी झाला तर कृत्रिम धागा. त्यात रंग मुळातच मुरवलेला असतो, ब्लीचने उतरत नाही. तिथे हा विषय संपला.

केस खरे असले तरी बाजारातला काळाभोर विग बहुधा रंगवलेला असतो. म्हणून मानेकडच्या एका बारीक बटेवर खाली दिलेल्या ब्लीचच्या मिश्रणाची चाचणी करा. मिश्रण तापलं किंवा फसफसलं तर धातूच्या क्षारांचा रंग आहे, लगेच धुऊन टाका आणि विचार सोडा. आणि दुसरा हेअर कलर लावून काळा रंग फिका होईल अशी आशा धरू नका. रंगाने रंग उतरत नाही.

चाचणी ठीक गेली तर विग धुऊन पूर्ण वाळवा, रुंद दातांच्या फणीने टोकांकडून वर गुंता काढा. प्लास्टिकच्या वाडग्यात ३० ग्रॅम ब्लीच पावडर आणि ६० मिली डेव्हलपर (पावडरीत कालवायचं हायड्रोजन पेरॉक्साइडचं द्रावण), २० व्हॉल्यूमचा म्हणजे ६ टक्क्यांचा. ४० व्हॉल्यूमच्या वाटेला जाऊ नका. घाई केली की कुरळा केस आधी सरळ होतो, मग तुटतो. मिश्रण वाळलं की काम थांबतं, तेव्हा सगळं एकदम न कालवता लागेल तसं ताजं करा. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा.

विग स्टँडवर टाचून बोटभर जाडीच्या बटा घ्या. ज्या जाळीवर केस गाठींनी बांधलेले असतात, तिच्यापासून दीड-दोन सेंटिमीटर सोडून ब्रशने लावा. गाठींवर किंवा शिवणीवर ब्लीच गेलं तर केस गळू लागतात, आणि विगवर ते पुन्हा उगवत नाहीत. हेअर ड्रायरची ऊब देऊ नका. दर पाच मिनिटांनी एक बट पुसून पाहा : काळा आधी लालसर होईल, मग केशरी, मग पिवळा. तुम्हाला हवा तो मधाळ रंग केशरीच्या थोडा पुढे मिळतो. तिथवर पोहोचला नाही तरी ३५ मिनिटांनी थांबा. उरलेलं आठ-दहा दिवसांनी, तेही बट ओढल्यावर ताणून तुटत नसेल तरच.

कोमट पाण्याने, ओलेपणी न चोळता, निसरडेपणा जाईपर्यंत धुवा. टाळू नाजूक असताना ब्लीचचा अंश राहिलेला चालणार नाही, म्हणून जाळी आतूनही धुवा. केशरी झाक राहिली तर निळा शाम्पू, पिवळी राहिली तर जांभळा, पाच मिनिटं. नंतर जाड कंडिशनर २० मिनिटं, आणि बोटांनी कुरळे गुंडाळून स्टँडवरच वाळवा. वाळल्यावर ब्रश फिरवला की कुरळ्यांचा झाडू होतो.

प्रश्न : ब्लीचनंतर कुरळे सैल पडले. परत येतील का? (पुणे)

उत्तर : बऱ्याच विगचे कुरळे वाफेने बसवलेले असतात, ते थोडेफार परत येतात. ओलसर बटा बारीक रोलरवर गुंडाळा, थोडी वाफ द्या आणि पूर्ण गार होईपर्यंत रोलर काढू नका. केमिकल पर्म मात्र नको. ब्लीच झालेला केस तो सोसत नाही.

प्रश्न : नाटकासाठी कृत्रिम धाग्याच्या काळ्या कुरळ्या टोपात पांढऱ्या बटा हव्या आहेत.

उत्तर : रंगीत हेअरस्प्रे. बाकी टोप फडक्याने झाकून फक्त त्या बटांवर फवारा, दहा मिनिटं वाळू द्या, आणि मगच टोप डोक्यावर चढवा. नाहीतर कॉलर पांढरी होते.