बासरी येते, आता उत्तर इंग्लंडमधल्या 'अर्ली म्युझिक'च्या हौशी गटात कसं जायचं?

प्रश्न थोडक्यात असा: पुण्याहून लीड्सला आलो आहे, बरीच वर्षं बासरी शिकलो. यॉर्कला जुन्या युरोपीय संगीताची मैफल ऐकली. हे संगीत हौसेनं वाजवणारे गट या भागात आहेत असं कळलं. मला जाता येईल का, बासरी चालेल का? नोटेशन वाचता येत नाही.

जाता येईल. बासरी मात्र चालणार नाही, आणि वाचायला शिकल्याशिवाय गत्यंतर नाही. पण सुरांचा कान तुम्ही तयार घेऊन आला आहात. तो इथल्या अनेक हौशी वादकांना पुष्कळ उशिरा येतो.

आधी वाद्य. साधारण 1750 च्या आधीचं संगीत म्हणजे 'अर्ली म्युझिक'. त्यातले हौशी गट मुख्यतः रेकॉर्डर, व्हायोल (मांड्यांमध्ये धरून गजानं वाजवायचं तंतुवाद्य) किंवा गायनाचे असतात. रेकॉर्डर म्हणजे आपल्या अलगुजाच्या जातीचं वाद्य: तोंडाशी लाकडी ठोकळा, त्यातून हवेची अरुंद वाट, पुढे धारदार कड. समोर सात भोकं आणि मागे अंगठ्याचं एक. डिस्कंट, ट्रेबल, टेनर, बास हे चार मुख्य आकार. बहुतेक नवखे डिस्कंट घेतात, कारण तो लहान आणि स्वस्त. तुम्ही टेनर घ्या. बासरीमुळे तुमची बोटं आधीच ताणलेली आहेत, त्यामुळे टेनरचं अंतर जड जाणार नाही. टेनर लिहिलेल्या सप्तकातच वाजतो, डिस्कंटसारखा एक सप्तक वर नाही, म्हणून गाणाऱ्यांबरोबरही थेट बसतो. शिवाय उंच वाद्यं भरपूर आणि मधली-खालची कमी अशी बहुतेक गटांची रड असते. टेनर घेऊन येणाऱ्याला खुर्ची मिळतेच.

पहिला टेनर प्लॅस्टिकचा, सर्वांत खालच्या सुराला चावी असलेला घ्या. यामाहा किंवा झेनऑन पुरे. लाकडीच्या मागे पहिल्या वर्षी लागू नका. नवा लाकडी रेकॉर्डर सुरुवातीचे दोन-तीन आठवडे रोज दहा-पंधरा मिनिटांपलीकडे वाजवता येत नाही. लाकूड ओल हळूहळू पचवतं, घाई केली तर तडकू शकतं. घेताना एवढं पाहा की बोटांची पद्धत 'बरोक' आहे, 'जर्मन' नाही. जर्मन पद्धतीत टेनरचा 'एफ' सरळ एकेक बोट उचलून येतो म्हणून ती सोपी वाटते, पण पुढे तीव्र-कोमल सूर बिघडतात. बरोक पद्धतीत त्याच 'एफ'ला उजव्या हाताचं पहिलं बोट बंद, दुसरं उघडं, तिसरं आणि करंगळी बंद. बासरीवर कोमल सूर अर्ध्या भोकानं काढायची सवय असते. इथे वरचं भोक उघडं ठेवून खालची झाकायची. हा बदल हातात बसायला महिनाभर लागतो.

दुसरी सवय मोडायची ती फुंकेची. बासरीत ओठांनी सूर सावरता येतो. रेकॉर्डरला ओठांचा काहीच उपयोग नाही; जास्त फुंकलं की सूर चढतो, कमी फुंकलं की उतरतो. बासरीवाले सुरुवातीला हमखास जास्त फुंकतात आणि खालचे सूर फाटतात. आरशावर वाफ धरायला जसा संथ, गरम श्वास सोडतो, तेवढाच खालच्या सुरांना हवा. लांब सूर संपवताना श्वास ढिला सोडला तर सूर शेवटी लोंबतो. तो जिभेनं बंद करायचा. बोटं पेरांनी नव्हे, टोकांच्या गादीनं झाका. वरच्या सप्तकासाठी अंगठ्याचं भोक पूर्ण उघडत नाहीत, वरच्या कडेला केसभर फट ठेवतात. अंगठ्याचं नख वाढलेलं असेल तर ही फट कधीच नीट येत नाही. मींड आणि गमक घरी ठेवा. इथे प्रत्येक सूर जिभेनं वेगळा उचलायचा, 'तु' किंवा 'दु' म्हणत. जलद सुरांना 'ते-रे ते-रे' अशी जोडी. 1535 मध्ये व्हेनिसला छापलेल्या, गानास्सी या वादकाच्या रेकॉर्डरच्या पोथीत असे बोल दिलेले आहेत. सतारीचा 'दा-रा' ऐकलेल्या माणसाला त्यात नवल वाटणार नाही.

वाचन: रोज वीस मिनिटं दिली तर तीन-चार महिन्यांत सोपी ओळ वाचता येते. सुसाटो या प्रकाशकानं 1551 मध्ये अँटवर्पला छापलेली चार भागांची, म्हणजे एकाच वेळी चार वेगळ्या ओळी वाजवायची, नृत्यं सुरुवातीला उत्तम. स्वरलेखन इंटरनेटवर मोफत मिळतं. त्यानंतर होलबर्न या इंग्लिश रचनाकाराची 1599 ची पाच भागांची. खरी अडचण सूर ओळखण्याची नसते, मोजण्याची असते. आपला कान समेची वाट पाहतो. या बहुस्वरी संगीतात, विशेषतः नृत्यं सोडून पुढे गेलात की, फिरून येणारं आवर्तन नाही. प्रत्येक भाग आपल्या वेळी उठतो आणि तुम्ही सात मात्रा गप्प बसून आठवीवर शिरायचं असतं. चुकलात तर अंदाजानं वाजवत राहू नका. थांबा, ऐका. ओळ संपताना सगळे भाग एका ठिकाणी येऊन टेकतात, त्याला केडन्स म्हणतात. तिथून पुन्हा लागा.

आता सुरांबद्दल, कारण तुमचा फायदा आणि तुमचा धोका दोन्ही इथेच आहेत.

तंबोऱ्याच्या खर्जातून आपोआप ऐकू येणारा गंधार तुम्हाला माहीत आहे. षड्जाशी त्याचं नातं 5:4, म्हणजे 386 सेंट (सेंट म्हणजे पियानोच्या अर्ध्या सुराचा शंभरावा भाग). हार्मोनियमचा किंवा पियानोचा गंधार 400 सेंटवर, म्हणजे 14 सेंट चढा. रेकॉर्डरचा गट हाच तंबोऱ्याचा गंधार शोधत असतो, कारण चढा गंधार तीन-चार रेकॉर्डरांत उघडा थरथरतो. त्या काळच्या 'मीनटोन' जुळणीत तर गंधार शुद्ध मिळावा म्हणून पंचम 702 ऐवजी 696-697 सेंटवर उतरवलेला असतो. म्हणजे 'ग जरा खाली' असं मार्गदर्शकानं सांगताच तुम्हाला कळेल, शेजाऱ्याला कदाचित नाही.

धोका असा की तुमचा षड्ज पक्का आहे. इथे तो सरकतो. 'सी'ला सा माना. मग 'ए' म्हणजे धैवत. खाली बास 'एफ' वाजवत असेल तर तुमचा 'ए' हा त्या मध्यमाचा गंधार झाला. पुढच्याच क्षणी बास 'डी'वर गेला तर तोच 'ए' ऋषभाचा पंचम. दोन्हीकडे शुद्ध बसवायचा तर त्या दोन 'ए'मध्ये 81:80 एवढा फरक पडतो, सुमारे 22 सेंट. हीच आपली प्रमाणश्रुती. म्हणून मनात तंबोरा लावून 'ए' एकाच जागी धरून ठेवाल तर अर्धा वेळ बेसूर वाजाल, आणि तेही पूर्ण खात्रीनं. सवय एकच लावा: आपला सूर बासाशी कोण लागतो ते ऐका. गंधार असेल तर श्वास किंचित आवरा, पंचम असेल तर भरून द्या. लांब सूर धरलेला असताना खालचा बास बदलला की तोच सूर हलवावा लागतो. शुद्ध जुळलं की खाली एक मंद घुमारा उठतो, जो कुणीच वाजवत नसतं. तो ऐकू आला की जागा बरोबर आहे.

पट्टीचंही सांगून ठेवतो, नाहीतर पहिल्या दिवशी गोंधळ होईल. आधुनिक 'ए' म्हणजे पांढरी सहा, 440 हर्ट्झ. बरोक गट 415 वर वाजवतात, म्हणजे पांढरी सहाच्या जागी काळी चारचा सूर. काही रेनेसाँ, म्हणजे बरोकच्या आधीच्या काळची, वाद्यं 466 वर, म्हणजे काळी पाचवर. बाजारातला प्लॅस्टिक रेकॉर्डर सहसा 440 चा असतो आणि बहुतेक हौशी दिवसही 440 चेच. तरी नाव नोंदवण्यापूर्वी पट्टी वाचा. 415 च्या दिवशी 440 चा रेकॉर्डर कितीही बाहेर ओढला तरी उपयोग नाही, सूर एकमेकांशी बिघडतात.

जायचं कुठे? यॉर्कशरपासून नॉर्थम्बरलँडपर्यंत नॉर्थ ईस्ट अर्ली म्युझिक फोरम आहे, पेनाइन्स डोंगरांच्या पलीकडे मँचेस्टरकडे नॉर्थ वेस्टचा. हे दिवसभराच्या कार्यशाळा घेतात. सोसायटी ऑफ रेकॉर्डर प्लेयर्स 1937 पासून आहे. तिच्या शाखा ठिकठिकाणी भरतात आणि तुमच्यासाठी पहिली पायरी तीच, कारण तिथे एका भागावर चार-पाच जण असतात आणि चूक झाकली जाते. फोरमच्या काही दिवसांत एका भागाला एकच वादक असतो. तिथे वर्षभरानं जा. उन्हाळ्यात डरमला नॉर्व्हिस नावाची निवासी कार्यशाळा होते. ती दुसऱ्या वर्षासाठी ठेवा.

नोंदणी अर्जात कोणती वाद्यं, कोणते क्लेफ (ओळींवर कोणता सूर कुठे हे सांगणारी सुरुवातीची खूण) वाचता, ट्रेबलवर ओळ एक सप्तक वर वाचता का, असं विचारतात. खरं लिहा. त्यावरूनच गट पाडतात, आणि एक माणूस वाचू शकला नाही तर बाकी चौघांचा दिवस जातो. सोबत घडीचा स्टँड, मऊ पेन्सिल, खोडरबर, कपड्यांचे चिमटे आणि डबा. कागद पुष्कळदा उसने आणलेले असतात, पेन लावू नका. सगळे एकमेकांना पहिल्या नावानं हाक मारतात, मार्गदर्शकालाही.

चर्चची सभागृहं थंड असतात. थंड रेकॉर्डर उतरलेला वाजतो आणि हवेच्या वाटेत वाफेचं पाणी साचून आवाज घोगरा होतो. वाजवण्यापूर्वी वरचा भाग दहा मिनिटं काखेत किंवा कोटाच्या आत धरा. मध्येच पाणी साचलं तर आत ओढून घ्या. पुढच्या कडेला बोट किंवा कापड कधीही लावू नका, ती कड गेली की वाद्य गेलं. तरी पुन्हा पुन्हा साचत असेल तर भांडी घासायच्या द्रवाचा एक थेंब पाण्यात मिसळून वाटेतून सोडा आणि तसंच वाळू द्या.

मैफली ऐकत राहा, पण कामासाठी ऐका. यॉर्कचा महोत्सव 1977 पासून जुलैत होतो, डिसेंबरात त्याचा नाताळचा भाग. वॉल्मगेटवरच्या सेंट मार्गारेट चर्चमध्ये 2000 पासून नॅशनल सेंटर फॉर अर्ली म्युझिक आहे. बेव्हर्लीला मे महिन्याच्या अखेरीस महोत्सव असतो. गेलात तर सेंट मेरी चर्चमधला खांब पाहा. 1520 मध्ये मनोरा कोसळल्यावर तिथल्या वादकांच्या संघानं तो बांधून दिला, आणि माथ्याशी रंगीत कपड्यांतले पाच वादक कोरलेले आहेत. मैफलीत वरची चाल ऐकणं सोडा, मधला एकच भाग पहिल्यापासून शेवटपर्यंत धरा. टेनर घेऊन बसाल तेव्हा तीच तुमची जागा असेल.

व्हायोलचा मोह होईल, कारण तिचे सात पडदे तातीचे, गळ्याभोवती बांधलेले आणि सतारीसारखे सरकवता येणारे असतात. व्हायोला दा गांबा सोसायटी वाद्यं भाड्यानं देते. पण गज पालथ्या नव्हे तर उताण्या हातानं धरायचा असतो आणि शिक्षकाशिवाय ते जमत नाही. आत्ता टेनर घ्या. रेनेसाँ काळची आडवी बासरीही आहे, सरळ नळीची, सहा भोकांची, तुमच्या बासरीची सख्खी बहीण वाटावी अशी. फक्त तिच्यावर तीन बोटांचा सा विसरावा लागतो, सगळी भोकं बंद म्हणजे 'डी'. तिचे गट विरळा, म्हणून वाचन पक्कं झाल्यावरच तिच्याकडे वळा.