आधी फरक लिही

चि. हिस,
अनेक आशीर्वाद.

परवा बडोद्यात दांडिया बाजारात भेटलीस, चेहरा उतरलेला. कंपनीने ईआरपीतला, म्हणजे कारखान्याच्या नोंदींच्या संगणकप्रणालीतला, दोन वर्षांचा डेटा तुला संशोधनासाठी दिलाय. तुझे सर म्हणतात डेटावर गणिती मॉडेल बसव, पेपर लिही. प्लँटवाले म्हणतात मॉडेल राहू दे, डिस्पॅच का रखडतो, माल वेळेवर बाहेर का पडत नाही, ते सांग. ऐकायचं कोणाचं? तूर्त कोणाचंच नाही. मकरपुऱ्याला प्लँटवर जा, मशीनपाशी उभी राहा. प्लॅनमध्ये काय होतं, घडलं काय, तो फरक लिही.

जॉब कार्डावर, म्हणजे कामाच्या नोंदीच्या कार्डावर, दिसेल ‘सेटिंग 40 मिनिटं’; सेटिंग म्हणजे मशीन पुढच्या कामासाठी जुळवणं. कार्ड भरतो सुपरवायझर, पाळी सुटताना, आठवून. सेटिंग कधीच उरकलेलं असतं; पुढचा सगळा वेळ ऑपरेटर भोकाचं माप तपासायचा प्लग गेज शोधत फिरतो, कारण गेज एकच आणि तो इन्स्पेक्शनवाल्यांनी नेलेला. तुझ्या डेटात तो गेज सापडतो का बघ!

गणिताला मी नावं ठेवत नाही. माहिती मोजायची रीत क्लॉड शॅनन या गणितज्ञाने 1948 मध्ये दिली. ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या संशोधकांनी नव्वदच्या दशकात ती कारखान्यांतली गुंतागुंत मोजायला वापरली. मशीन चालू, सेटिंगमध्ये, मालासाठी थांबलेलं, टूलसाठी थांबलेलं, बिघडलेलं, अशा पाच अवस्था सारख्याच प्रमाणात येत असतील तर एन्ट्रॉपी, म्हणजे अनिश्चिततेचं माप, 2.32 बिट. कायम एकाच अवस्थेत असेल तर शून्य. ठीक. पण कोणत्या घटकेला कोणती अवस्था, हे ठरवलं कोणी? शिफ्टअखेरीच्या कार्डाने? मग तू गुंतागुंत नाही, सुपरवायझरची स्मरणशक्ती मोजतेयस. म्हणून म्हणतो, फरक लिही. स्वतःच्या हाताने.

आमच्या कारखान्यातही एकदा एका संस्थेतले प्राध्यापक आले होते. हुशार माणूस. त्यांना नीटनेटके आकडे हवे होते. मी म्हटलं, आठवडाभर रात्रपाळीला उभे राहा, मग फाइल देतो. ते फिरकले नाहीत, काम बारगळलं, आणि वरचे मला आडमुठा म्हणाले. म्हणोत. चांगलं काम झालं असतं, ही हळहळ आहेच. अट मात्र आजही तीच घालीन. नुसत्या फाइलीतून त्यांना आमचेच गैरसमज दशांश चिन्हासह परत मिळाले असते.

आणि तू कलाभवनात शिकतेस ना? सयाजीरावांनी 1890 मध्ये ते काढलं ते हाताला काम शिकवायला. शॉपवर जायला लाज कसली? शॉपवरच्या मास्तरांना आधी चहा पाज, वही नंतर काढ.

राहता राहिला कंपनीशी करायचा करार. फरक छापायची मुभा त्यात लिहून घे. पार्ट नंबर, गिऱ्हाइकांची नावं झाकायला हरकत नाही. ‘मंजुरीशिवाय काहीही प्रसिद्ध करू नये’ असं मोघम वाक्य आलं तर सही थांबव आणि मसुदा मला आणून दाखव.

तुझा,
काका