माफ, क्षमा, दिलगिरी : कोण कुणाची मागतो?

एका शिक्षकांचा प्रश्न आहे. २१ सप्टेंबरच्या आंतरराष्ट्रीय शांतता दिनासाठी ते शाळेत फलक करताहेत. वरची ओळ ठरली आहे : 'क्षमा आणि परस्पर आदर हाच विश्वशांतीचा मार्ग.' खाली मुलांच्या तोंडी एक वाक्य हवं आहे. 'आपण एकमेकांना क्षमा करूया' हे बरं, की 'एकमेकांची क्षमा मागूया'? की सरळ 'माफ करूया'? त्यांच्या एका सहकाऱ्यांचं म्हणणं, 'माफ' परका शब्द आहे, फलकावर नको. या शब्दांच्या अर्थांमध्ये फरक आहे का, असं त्यांनी विचारलंय.

आधी सहकाऱ्यांचं. 'माफ' मूळचा अरबी, फारसीच्या वाटेनं आपल्याकडे आला, हे खरं. पण मराठीत तो इतक्या पिढ्या राबतोय की त्याचं मूळ गाव विचारण्यात अर्थ नाही. शेतसारा माफ, दंड माफ, नादारीवर फी माफ, लाडक्याला सात खून माफ. या जागांवर 'क्षमा' बसवून बघा. कर्जमाफीला कर्जक्षमा म्हटलं तर सोसायटीचा सचिव अर्ज उलटसुलट करून बघेल आणि परत देईल. तेव्हा निवड करायची ती मूळ पाहून नव्हे, काम पाहून.

आणि काम वेगळं आहे, हे व्याकरणातच दिसतं. 'दंड माफ केला', 'चूक माफ केली', 'कर्ज माफ केलं' : इथे 'माफ' विशेषण आहे आणि क्रियापद चालतं ते माफ होणाऱ्या वस्तूच्या लिंगानं. 'क्षमा' मात्र नाम. 'त्याला क्षमा केली', 'तिला क्षमा केली', 'त्या पोराला क्षमा केली' : समोर कुणीही असो, क्रियापद क्षमेच्याच मागून जातं. ढोबळमानानं, माफ होते ती बाब आणि क्षमा मिळते ती माणसाला. 'त्याला माफ केलं' असं आपण सर्रास म्हणतो, 'अपराधांची क्षमा कर' असंही म्हणतो, त्यामुळे ही भिंत पक्की नाही. पण कल कुठे आहे ते कळावं इतपत आहे.

मुळाकडे गेलं की कल आणखी स्पष्ट होतो. 'माफ' हा अरबीतल्या 'अफ्व'च्या कुळातला. त्यातली कल्पना पुसून टाकण्याची; वाऱ्यानं वाळूतल्या खुणा पुसल्या, असं म्हणायलाही अरबीत हाच धातू आहे. वहीतली रक्कम खोडली, विषय मिटला. 'क्षमा' येते संस्कृत 'क्षम्'वरून आणि या धातूचा अर्थ आहे सोसणं, पेलणं. 'क्षमता' आणि 'सक्षम' याच घरातले. पृथ्वीचं एक नावही 'क्षमा' आहे, कारण ती सगळ्यांचा भार सोसते. सकाळी अंथरुणातून पाय खाली ठेवण्याआधी 'समुद्रवसने देवि' म्हणणाऱ्या घरांत तुम्ही वाढला असाल, तर त्याचा शेवट आठवा : 'पादस्पर्शं क्षमस्व मे'. क्षमा नावाच्या बाईलाच 'क्षमस्व' म्हणायचं! श्लोक रचणाऱ्याला हे सुचलं असेल की सहज घडलं असेल, कुणास ठाऊक. मला मात्र तो शब्द त्याच्या सगळ्यात योग्य जागी बसलेला वाटतो. पाय तर पडणारच आहे आणि तिला तो सोसायचाच आहे. यात पुसण्यासारखं काही नाही.

म्हणून माफी देता येते कागदावर, सही-शिक्क्यानं. 'माफीचा साक्षीदार' घ्या. आरोपीनं आपल्याला ठाऊक असलेलं सगळं खरंखरं आणि संपूर्ण सांगायचं, त्या बदल्यात कायदा त्याला सोडतो. त्याला वाईट वाटलं पाहिजे, अशी अट कुठेही नाही. हाच व्यवहार एका अख्ख्या देशानं करून पाहिला. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदी राजवट संपल्यावर १९९५ च्या कायद्यानं सत्य आणि सलोखा आयोग नेमला गेला, अध्यक्ष आर्चबिशप डेस्मंड टुटू. पुढच्या वर्षी सुनावण्या सुरू झाल्या. राजकीय हेतूनं केलेल्या गुन्ह्याची संपूर्ण कबुली दिली तर माफी मिळू शकत होती. ७,११२ अर्ज आले, माफी मिळाली ८४९ जणांना. पश्चात्ताप ही तिथेही अट नव्हती. म्हणजे बापाला कसं मारलं हे एखादा अधिकारी कोऱ्या चेहऱ्यानं सांगणार आणि समोर बसलेली मुलगी ते ऐकणार, हे कायद्यात बसत होतं. पोलीस कोठडीतल्या छळानंतर मेलेले वर्णभेदविरोधी नेते स्टीव्ह बिको यांच्या कुटुंबानं तर या माफीच्या तरतुदीलाच १९९६ मध्ये घटना न्यायालयात आव्हान दिलं. ते हरले. पुढे बिकोंच्या प्रकरणातल्या पोलिसांना आयोगाच्या समितीनं माफी नाकारली, ती गोष्ट वेगळी.

टुटू स्वतः क्षमेबद्दल सतत बोलत. पण कायदा देत होता ती माफीच. क्षमा द्यायची की नाही, हे त्या मुलीच्या हातात राहिलं. तिथल्या काहींनी दिली, काहींनी साफ नाही म्हटलं. इंग्रजीत या दोन गोष्टींना दोन शब्द आहेत, तसे आपल्याकडेही आहेत. आपण ते फक्त अदलून-बदलून वापरतो. बातमीत 'आयोगानं क्षमा केली' असं वाचलं की मी अडखळतो. सोसलं कुणी, आणि क्षमा करणारा आयोग कोण?

आता तिसरा शब्द, जो तुम्ही विचारला नाहीत पण विचारायला हवा होता : दिलगिरी. फारसी 'दिलगीर', म्हणजे ज्याचं काळीज धरलं गेलंय असा. 'गीर' तोच, जहांगीरमधला. दिलगिरी म्हणजे दुःख. दुःख कशाचं, कुणामुळे, याबद्दल हा शब्द चकार बोलत नाही. त्यामुळे सरकारांचा तो भारी आवडता. १३ एप्रिल १९१९ च्या जालियनवाला बागेतल्या गोळीबाराला शंभर वर्षं होत आली, तेव्हा १० एप्रिल २०१९ ला ब्रिटनच्या पंतप्रधान थेरेसा मे यांनी त्यांच्या संसदेत तीव्र दिलगिरी व्यक्त केली. विरोधी पक्षनेते जेरेमी कॉर्बिन यांनी तिथल्या तिथे निःसंदिग्ध माफी मागण्याची मागणी केली. ती आली नाही. दोन शब्दांमधलं अंतर इंग्रजांना पक्कं ठाऊक होतं आणि अमृतसरलाही.

याउलट कधीकधी असा धूसर शब्दच भांडण मिटवतो. १ एप्रिल २००१ ला चीनजवळच्या आकाशात अमेरिकेचं टेहळणी विमान आणि चीनचं लढाऊ विमान एकमेकांवर आदळलं. चिनी वैमानिक गेला. अमेरिकी विमान कसंबसं हैनान बेटावर उतरलं आणि त्यातले २४ जण तिथे अडकले. चीनला माफीनामा हवा होता, अमेरिका तो द्यायला तयार नव्हती. अखेर एक पत्र गेलं, त्यात दोनदा 'फार वाईट वाटतं' अशा अर्थाचे शब्द होते. चीननं आपल्या लोकांना ती क्षमायाचना म्हणून ऐकवली, अमेरिकेनं आपल्या लोकांना सांगितलं की ही माफी नव्हेच. अकरा दिवसांनी २४ जण घरी गेले. भाषाशुद्धीचा आग्रह धरणाऱ्या कुणाला त्या पत्राचा मसुदा करायला बसवलं असतं, तर बिचारे अजून हैनानलाच असते.

हे झालं राष्ट्रांचं. तुमच्या फलकात मला खरी अडचण दिसते ती 'परस्पर'ची. माफी वरून खाली येते : सरकार देतं, मालक देतो. क्षमाही बहुतेकदा तशीच, देणारा मोठा नि घेणारा ओशाळा. मग क्षमा आणि परस्पर आदर एका ओळीत नांदणार कसे? 'जा, तुला क्षमा केली' हे ऐकताना मान वर राहत नाही. कधीकधी तर तो अपमानच असतो.

याचं उत्तर मला कोशात मिळालं नाही, सांगलीतल्या आमच्या वाड्यात मिळालं. शेजारी दिगंबर जैन कुटुंब होतं. अनंत चतुर्दशी झाली, गणपती गेले, मखराची रिकामी जागा अंगावर यायची, त्याच एक-दोन दिवसांत त्यांची क्षमावाणी. शेजारचे आजोबा धुवट धोतर नेसून घरोघर जायचे. मी चौथीत असेन. वडिलांपुढे, आईपुढे हात जोडून झाल्यावर ते माझ्यापुढे थोडे वाकले आणि म्हणाले, "वर्षभरात काही चुकलं असलं तर क्षमा करा."

'करा'! एरवी मला 'ए पोरा, चेंडू परत अंगणात आला तर बघ' म्हणणारा माणूस. मला काय बोलावं कळेना. आईनं मागून सांगितलं, "तूही म्हण." मी म्हटलं, "मला पण क्षमा करा." चेंडूनं त्यांची तुळशीची कुंडी फोडली होती, ते मला आठवत होतं, त्यांनी माझं काय वाईट केलं होतं, ते मात्र आठवेना. परस्पर आदर कुठे असतो असं कुणी विचारलं तर मी त्या क्रियापदाच्या शेवटच्या 'आ'कडे बोट दाखवीन.

त्या परंपरेत प्राकृत गाथा आहे, 'खामेमि सव्वजीवे, सव्वे जीवा खमंतु मे'. 'खमंतु' म्हणजे 'क्षमा करोत', हे उघड आहे. 'खामेमि'चं भाषांतर बरेच जण 'मी क्षमा करतो' असं करतात, पण ते संस्कृत 'क्षमयामि'चं रूप आहे, प्रयोजक : मी क्षमा करायला लावतो, म्हणजेच मी क्षमा मागतो. दोन्ही अर्थ रूढ आहेत. मला दुसरा पटतो, कारण मग सुरुवात स्वतःपासून होते. श्वेतांबरांच्या संवत्सरीला फोनवर येणारं 'मिच्छा मि दुक्कडं' तर आणखी मजेचं. मिच्छा म्हणजे मिथ्या, मि म्हणजे माझं, दुक्कडं म्हणजे दुष्कृत. माझं वाईट कृत्य फोल ठरो. त्यात 'क्षमा' हा शब्दच नाही, समोरच्यावर द्यायचं ओझंही नाही. (संस्कृत 'क्ष'चा 'ख' झालेला बघून बुचकळ्यात पडू नका. आपण क्षारचं खार आणि क्षीरची खीर केली, फक्त क्षेत्राचं शेत आणि मक्षिकेची माशी करताना वेगळी वाट धरली. हिंदीनं तिथेही खेत आणि मक्खीच ठेवली.)

अस्सल घरगुती मराठीत आणखी एक आहे : पोटात घालणं. 'अन्याय माझे कोट्यानुकोटी, मोरेश्वरा बा तू घाल पोटी' हे लहानपणी घोकलेलं असतं. इथे 'अन्याय' म्हणजे मी केलेले अपराध. हा शब्दप्रयोग मला फार आवडतो, पण तो आई-लेकराचा आहे. दोन देशांत, दोन जातींत, भावकीतल्या दोन घरांत तो चालत नाही. भावकीत कोण कुणाचं पोटात घालणार? तिथे सलोखा लागतो, दिलजमाई लागते. दोघांनी दोन पावलं यायचे शब्द. महाराष्ट्र सरकारनं २०२३ मध्ये, एकमेकांच्या ताब्यात वर्षानुवर्षं असलेल्या शेतजमिनींची अदलाबदल नाममात्र शुल्कात करून देणारी योजना आणली, तिचं नाव 'सलोखा' ठेवलं. नाव ठेवणाऱ्याला भाषेचा कान होता.

आणि परस्परपणाचा सगळ्यात चोख मराठी शब्दप्रयोग बिलाच्या तळाशी असतो. आमच्या दुकानाच्या पावतीपुस्तकावर तो बारीक टाइपात छापलेला होता : चू. भू. द्या. घ्या. एकदा दिवाळीनंतर एक गिऱ्हाईक जुनी पावती घेऊन आलं. बेरजेत चाळीस रुपये आमच्या बाजूनं जास्त धरले गेले होते. वडिलांनी पावती डोळ्यांजवळ नेली, पेन्सिलनं बेरीज पुन्हा केली, गल्ल्यातून चार नोटा काढून दिल्या आणि चहा मागवला. कुणी कुणाची माफी मागितली नाही. चूक आमच्या फायद्याची असेल तर आम्ही द्यायचं, तुमच्या फायद्याची असेल तर आम्ही घ्यायचं, हे आधीच छापलेलं होतं.

तर फलक. 'एकमेकांना क्षमा करूया' नको. त्यात प्रत्येकानं समोरच्याला आधी अपराधी ठरवलेलं असतं. 'एकमेकांची क्षमा मागूया' लिहा. इथे विभक्तीसुद्धा बदलते, 'ना'चं 'ची' होतं, आणि सगळा फरक तिथेच आहे. मात्र मुलांना एवढं जरूर सांगा की हे वाक्य भांडलेल्या दोघांसाठी आहे, गोळी घालणारा आणि गोळी खाणारा यांच्यासाठी नव्हे. बागेत अडकलेल्यांनी जनरल डायरची क्षमा कशाबद्दल मागायची? महाभारतात वनवासातली द्रौपदी धर्मराजाला हेच ऐकवते, प्रल्हादानं नातवाला, म्हणजे बळीला, केलेला उपदेश काढून : 'न श्रेयः सततं तेजो न नित्यं श्रेयसी क्षमा'. सदा ताठरपणा बरा नव्हे, सदा क्षमाही बरी नव्हे.

राहता राहिलं 'क्षमस्व'. रस्ता खणला की पाटी लागते, 'गैरसोयीबद्दल क्षमस्व'. काटेकोर पाहिलं तर हे एकवचन आहे, एकाच माणसाला 'तू क्षमा कर' असं सांगणारं. अख्ख्या गावाला म्हणायचं तर 'क्षमध्वम्' हवं. पण मराठीत ते केव्हाच अव्यय होऊन बसलंय, ते दुरुस्त करायला जाऊ नका. फलकावर मात्र एक सांभाळा : 'विश्वशांती' दीर्घ, पण 'शांतिदिन' लिहिलात तर त्यातला 'ति' ऱ्हस्व.