पायाखालचा दोर

प्रश्न : माझा मुलगा नौदलात आहे. सध्या प्रशिक्षणासाठी ‘तरंगिणी’ या शिडाच्या जहाजावर आहे. एकुलता एक, स्वभावाने अबोल. परवा बंदरातून फोन केला तेव्हा म्हणाला, बरोबरच्या एका मुलाशी बोलणंच बंद आहे. समुद्रात उठून जाणार तरी कुठे? नौदलाच्या ‘तारिणी’ या शिडाच्या नौकेवरच्या सहा जणी जगप्रदक्षिणा करून आल्या, त्यांचं कसं जमलं असेल? मी त्याला काय सांगू?
— एक आई, देवगड

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचलं आणि रात्री बराच वेळ झोप लागली नाही. तुमच्या मुलाच्या वयाचा असताना मीही त्याच जहाजावर एकाशी अबोला धरला होता.

कारण एवढंसं. रात्री बारा ते चारचा वॉच, म्हणजे पहाऱ्याची पाळी, संपवून मी भिजलेला, कुडकुडत उभा, आणि माझ्या जागी येणारा पंधरा मिनिटं उशिरा आला. मी त्याला नको ते बोललो. अगदी त्याच्या घरच्यांवर गेलो. त्यानंतर नऊ दिवस आम्ही एका टेबलावर जेवलो, पण मीठसुद्धा तिसऱ्याकडून मागायचो.

‘तरंगिणी’ला तीन डोलकाठ्या. पुढच्या दोन काठ्यांना आडव्या परबाणी, म्हणजे शीड बांधायचे आडवे दांडे असतात. शीड गुंडाळायला वर चढायचं, परबाणीवर पोट टेकून ओणवं व्हायचं आणि पाय ठेवायचे खाली लोंबणाऱ्या दोरावर. हा दोर सगळ्यांना मिळून एकच. नवा माणूस त्यावर पाय ठेवतो तेव्हा आधीपासून उभ्या असलेल्यांच्या पायाखालचा दोर गचकन ताणतो. कमरेला पट्टा असतो, तरी पोटात गोळा येतोच. म्हणून पाय टाकण्याआधी ओरडून सांगायचं, ही तिथली रीत.

दहाव्या रात्री वादळी झड आली, सगळ्यांना वर बोलावलं. मी आधीच परबाणीवर होतो. अंधारात शेजारून आवाज आला, “आ रहा हूँ, संभल के!” तोच होता. नऊ दिवसांनी माझ्याशी बोललेले पहिले शब्द. मग शीड आवळताना बांधायची दोरी त्याने खालून दिली, मी वरून घेतली, परत त्याच्याकडे दिली. खाली उतरल्यावर मी माफी मागितली, घरच्यांवर गेलो त्याबद्दल वेगळी मागितली. आजही गणपतीत त्याचा फोन येतो.

‘तारिणी’चं म्हणाल, तर त्या सहा जणी १० सप्टेंबर २०१७ ला गोव्याहून निघाल्या त्या २१ मे २०१८ ला परतल्या. ५५ फुटी नौका, २५४ दिवस. शेवटच्या टप्प्यात सुकाणू बिघडलं, तेव्हा मॉरिशसला थांबावं लागलं. पण त्यांची एकमेकींशी ओळख निघाल्या त्या दिवशी झालेली नव्हती. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय, आपले कॅप्टन दिलीप दोंदे, यांनी त्यांना शिकवलं होतं आणि ‘म्हादेई’ या नौदलाच्या दुसऱ्या शिडाच्या नौकेवरून त्या आधीच लांबच्या सफरी करून आल्या होत्या. तुमच्या लेकाला अजून तेवढा वेळ मिळालेला नाही.

त्याला एवढंच सांगा : वॉचवर दहा मिनिटं आधी जा. दुसऱ्याला उठवायला जाशील तेव्हा बाहेर पाऊस आहे का, रेनकोट लागेल का, ते हळू आवाजात सांग. चहा करशील तर दोन कप कर. पहाटे चारला जुना विषय काढू नकोस, तेव्हा कुणाचंच डोकं ठिकाणावर नसतं. आणि तो मुलगा खरोखर त्रास देत असेल, दमदाटी करत असेल, तर गप्प बसू नकोस, अधिकाऱ्यांना सांग. ही चुगली नव्हे.

पुढच्या फोनला त्याला एक विचारा, ताई : परबाणीवर पाय ठेवताना तो त्या मुलाला हाक देतो का, आणि तो मुलगा याला देतो का? दोघेही देत असतील तर तुम्ही निवांत झोपा.