एक मिनिटाचं टायटल पन्नास सेकंदांचं कसं झालं?

प्रश्न : नमस्कार ताई, एक मिनिटाचं अ‍ॅनिमेटेड टायटल केलंय, सेकंदाला २५ फ्रेमवर, म्हणजे चित्रांवर. रात्री रेंडर (तयार कामाची अंतिम फाइल काढणं) लावून झोपले, सकाळी बघते तर सॉफ्टवेअर मधेच बंद पडलेलं आणि एमपी४ फाइल उघडतच नाही. मग मैत्रिणीने सांगितलं पीएनजी सिक्वेन्स काढ, म्हणून तसं केलं, तर आता एडिटर म्हणतोय टायटल पन्नासच सेकंदांचं आहे आणि अक्षरांच्या कडेला काळी रेघ दिसतेय. माझं नेमकं कुठे चुकलं?

उत्तर : मैत्रिणीचा सल्ला अगदी बरोबर होता, सिक्वेन्सच काढत जा. एमपी४ किंवा एमओव्ही फाइलची अनुक्रमणिका बहुतेक वेळा रेंडर संपताना लिहिली जाते, त्यामुळे मधेच बंद पडलं की आधीचं सगळं काम असूनही फाइल उघडत नाही. सिक्वेन्समधे प्रत्येक फ्रेमची वेगळी फाइल असते, म्हणजे ११३७ व्या फ्रेमला बंद पडलं तर ११३६ तुमच्या हातात असतातच, फक्त शेवटची अर्धवट लिहिलेली फाइल काढून टाकायची आणि तिथून पुढे रेंडर लावायचा.

आता पन्नास सेकंदांचं बघू. तुमच्या १५०० फ्रेम आहेत, २५ ने भागल्या की ६० सेकंद, ३० ने भागल्या की बरोबर ५०! पीएनजीला स्वतःचा फ्रेमरेट नसतो, ती बिचारी नुसती चित्रं, वेग काय धरायचा ते इम्पोर्ट करणारं सॉफ्टवेअर ठरवतं, आणि आफ्टर इफेक्ट्स या अ‍ॅनिमेशनच्या सॉफ्टवेअरमधे सिक्वेन्ससाठी मुळात ३० धरलेले असतात. एडिटरला म्हणावं इंटरप्रिट फुटेज या सेटिंगमधे जाऊन २५ कर, पुन्हा रेंडर अजिबात नको. आणि यापुढे फोल्डरच्या नावातच २५एफपीएस लिहून टाका, मी तरी कधीच चुकवत नाही.

काळी रेघ अल्फामुळे, म्हणजे चित्रातल्या पारदर्शकतेच्या चॅनेलमुळे येते. तुमच्याकडून प्रीमल्टिप्लाइड गेलंय, म्हणजे अक्षरांच्या अर्धपारदर्शक कडेत काळा रंग आधीच मिसळलेला, आणि तिकडे ते स्ट्रेट, म्हणजे काळा न मिसळलेलं समजून वाचलं गेलं. तिकडे प्रीमल्टिप्लाइड आणि रंग काळा निवडला की रेघ जाते. पुढच्या वेळी रेंडरच्या आउटपुट मॉड्यूल या सेटिंगमधे स्ट्रेट निवडा, मग नुसत्या रंगाच्या चॅनेलमधे कडा फुगलेल्या, विचित्र दिसतील पण घाबरू नका, अल्फा लागला की नीट होतात.

अजून एक, नावात आकडे पाचच ठेवा, टायटल_००००१ असे. चार आकड्यांत ९९९९ फ्रेम मावतात, २५ च्या वेगाने ती जेमतेम सहा मिनिटं चाळीस सेकंद. पाठवायच्या आधी फाइली मोजा, १५०० म्हणजे १५००च हव्यात, आणि साइजप्रमाणे लावून शून्य केबीची एखादी नाही ना ते बघा. दोन मिनिटांचं काम आहे, पण समोरच्याचा अख्खा दिवस वाचतो.

प्रश्न : कलर करून झालेली फिल्म डीपीएक्समधे (फिल्मच्या कामातला, प्रत्येक फ्रेमच्या वेगळ्या चित्राचा फाइलप्रकार) मागितलीय. पीएनजी दिलं तर चालणार नाही का? आणि आवाजाचं काय?

उत्तर : डीपीएक्स मागितलंय तर डीपीएक्सच द्या, समोरच्याची सगळी पुढची साखळी त्यावर बसवलेली असते. फक्त डिस्कवर जागा आहे का ते आधी बघा, कारण फुल एचडीची १० बिटची एक फ्रेम साधारण ८ एमबी, म्हणजे सेकंदाला २०० एमबी आणि मिनिटाला १२ जीबीच्या आसपास. व्हीएफएक्सवाल्यांना, म्हणजे व्हिज्युअल इफेक्ट्स करणाऱ्यांना द्यायचं असेल तर ते बहुतेक ईएक्सआर हा चित्रांचा फाइलप्रकार मागतील, त्यात पांढऱ्याच्याही वरचा उजेड टिकून राहतो. आवाज या चित्रांत जात नाही, त्याची वेगळी वेव्ह फाइल काढा, मात्र इन आणि आउट पॉइंट, म्हणजे सुरुवात आणि शेवट, तेच ठेवा.