गच्चीवरच्या सळ्या

साठी उलटलेली माणसं समुपदेशनासाठी माझ्याकडे येतात ती बहुतेक झोप लागत नाही म्हणून, नाहीतर घरात सारखे खटके उडतात म्हणून. थोडं बोलणं झालं की आतलं दुखणं वर येतं: बरंच करायचं राहून गेलंय, सगळं आता व्हायचं नाही, आणि काय सोडावं तेच ठरत नाही.

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत पॅटर्नमेकर म्हणून आयुष्य काढलेले एक काका असेच आले. वय ६८. ओळख पटू नये एवढे तपशील मी बदललेत. पॅटर्न म्हणजे ज्यावरून ओतकामाचा साचा घडवतात तो लाकडी नमुना. तो करणारा माणूस मिलिमीटरच्या हिशेबात जगतो. ओतीव लोखंड निवताना शेकडा एकच्या आसपास आकसतं, तेवढं धरून पॅटर्न मोठा करायचा. माप चुकलं तर सगळी कास्टिंग भंगारात. अशा माणसाला अर्धवट काम बघवत नाही, आणि काकांची तर चार कामं अर्धवट होती.

वडगावातल्या घरावर मुलांसाठी मजला चढवायचा होता. खानापूर तालुक्यातल्या शेताच्या उताऱ्यावर वडील जाऊन इतकी वर्षं झाली तरी वारसांची नावं चढली नव्हती. माघवारीला पायी जायचं होतं. चौथं सांगताना ते जरा लाजले. मॅट्रिकनंतर शाळा सुटली, बी.ए. व्हायचं राहिलं.

"मॅडम, यातलं एक सोडा म्हटलं तरी हरल्यासारखं वाटतंय बघा. आणि सगळं धरून बसलो तर एकही हलंना."

मी 'आता आराम करा' म्हणेन अशी त्यांची खात्री होती. ते वाक्य मी म्हणत नाही. 'या वयात कशाला' हे आपल्याकडे फार स्वस्तात मिळतं, आणि बहुतेकदा म्हणणाऱ्याच्याच सोयीचं असतं.

मानसशास्त्रज्ञ कार्स्टन व्रॉश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली या विषयावर संशोधन मांडलं. आवाक्याबाहेर गेलेलं ध्येय ज्यांना सोडता येतं आणि त्याजागी दुसरं काही धरता येतं, त्यांचं मन जास्त स्वस्थ असतं, असं त्यात दिसलं. त्यातली मला कामाला येणारी गोष्ट अशी की सोडण्यात दोन भाग आहेत. धडपड थांबवणं हा एक, मनातून मोकळं होणं हा दुसरा. मजल्याच्या बाबतीत काकांची धडपड कधीच थांबली होती. मन मात्र गच्चीवर होतं.

अगदी शब्दशः होतं. खालचं घर बांधतानाच पुढच्या मजल्यासाठी कॉलमच्या सळ्या वर काढून ठेवल्या होत्या. बेळगावच्या पावसात त्या गंजायच्या. दरसाल मिरगाआधी काका वर जाऊन त्यांना सिमेंटचं पाणी फासत. थोरला पुण्यात, धाकटा बेंगळूरात, दोघांची तिथं स्वतःची घरं. "मुलांना विचारलंत कधी, इकडे राहायला येणार का?" नाही, विचारलं नव्हतं. विचारायचं कशाला, घर त्यांचंच की!

तेवढं विचारून या, असं मी सांगितलं. पुढच्या भेटीला काकू सोबत आल्या. धाकट्यानं फोनवर सरळ सांगितलं होतं, "बाबा, खर्च करू नका. सणाला आम्ही येतोच, खालचं घर पुरतं की." काका चिडलेले. काकूंचं म्हणणं वेगळंच: "मला आत्ताच जिना चढवंना, वरचं झाडायला कोण जाणार?"

हसू आलं, पण यानंतरचे काही आठवडे जड गेले. घाईनं समजूत घालू नये, असं माझं मत आहे. ज्या गोष्टीसाठी माणसानं तीस वर्षं पैसा साठवला, ती सोडताना त्याला सुतकासारखं वाटणारच. मजल्यातून त्यांना काय हवं होतं, एवढंच आम्ही पुन्हा पुन्हा बघत राहिलो. गणपतीला दोन्ही सुना, नातवंडं एका घरात असावीत, हे हवं होतं. ते तर होतच होतं. शेवटी गवंडी बोलावून त्यांनी सळ्या कापून घेतल्या आणि वर कोबा केला, कारण गंज कॉलममध्ये उतरायला लागला होता. कारण व्यवहाराचं होतं, बरं झालं.

शेताचं मात्र मी सोडू दिलं नाही. वारसानोंद हे स्वप्न नव्हे, ते काम आहे, आणि न केल्यास पोरांच्या गळ्यात पडतं. अशा यादीत कामं आणि स्वप्नं एकत्र कालवलेली असतात, ती आधी निवडून काढावी लागतात. काका इतकी वर्षं 'भावाभावांची वाटणी' म्हणत होते. पण हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलींचाही जन्मतः सारखाच हक्क आहे, म्हणजे चंदगडला दिलेल्या बहिणीशी आधी बोलायला हवं होतं. कचेरीतले कागद कन्नडमध्ये. काकांना बोलता येतं, वाचता येत नाही. पुतणी शाळेत कन्नड शिकलेली. ते काम तिच्याकडे गेलं, सह्या तेवढ्या काकांच्या.

वारीला गुडघे आडवे आले. पियानोवादक आर्थर रुबिनस्टाइन म्हातारपणी मोजकेच तुकडे वाजवायचे, त्यांचाच जास्त सराव करायचे, आणि जलद भागाआधी मुद्दाम संथ वाजवायचे, म्हणजे पुढचा भाग ऐकणाऱ्याला जलदच वाटायचा. पॉल बाल्टेस हे मानसशास्त्रज्ञ हा दाखला देत, तोच मी काकांना सांगितला. काकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे शेवटचे दोन मुक्काम चालायचे, बाकी टेम्पोत." अस्थिरोगतज्ज्ञांनी तेवढ्याला होकार दिला. ही वारी झाली म्हणायची का, यावर दिंडीतल्या मंडळींशी त्यांचा वाद अजून चालू आहे.

बी.ए.साठी आधी मुक्त विद्यालयातून बारावी, मग मुक्त विद्यापीठ. वयाची वरची अट नाही, पण वर्षं बरीच जाणार. मी एकच विचारलं: पदवी हातात आलीच नाही, तर अभ्यासात घालवलेले दिवस वाया गेले असं वाटेल का? काका बराच वेळ गप्प राहिले. "इतिहास असंल तर नाही वाटायचं." त्यांनी फॉर्म भरलाय.

एक खूण मात्र वेगळी ओळखावी. निवडून सोडणाऱ्याला उरलेल्यात रस असतो. दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच रस वाटत नसेल, जेवण-झोप बिघडली असेल, 'आता जगून काय करायचं' असं तोंडात येत असेल, तर ते नैराश्य असू शकतं. तेव्हा याद्या करत बसू नये, डॉक्टरांना दाखवावं. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक फुकट आहे, रात्रीही लागतो, आणि मराठीत किंवा कन्नडमध्ये बोलता येतं.