रॉयल एनफिल्ड हिमालयन ४११ ला कोणते टायर घालावेत? कोल्हापुरात रोजचा वापर आणि रविवारी रानवाटा

तुम्ही लिहिलंय की आठवडाभर गाडी शहरात फिरते, रविवारी गगनबावडा नाहीतर दाजीपूरकडे जाता आणि मित्र ‘नॉबीच घाल’ म्हणून मागे लागलेत. नॉबी म्हणजे मोठ्या, सुट्या बटणांचा चिखलाचा टायर. माझ्या मते तो नको. सत्तर-तीसच्या (सत्तर टक्के डांबर, तीस टक्के कच्चा रस्ता) जातीतला घ्या, म्हणजे डांबरावर निर्धास्त आणि मुरमाच्या रस्त्यावर निभावून नेणारा.

गगनबावडा म्हणजे जिल्ह्यातला सगळ्यात जास्त पाऊस. भुईबावडा घाटात ओल्या वळणावर गाडी कलली की रस्त्याला टेकलेलं रबर महत्त्वाचं. नॉबीची बटणं सुटी-सुटी असतात, त्यामुळे टेकणारं रबर कमी, शिवाय जोरात ब्रेक दाबला की बटणं वाकतात. आणि आपल्याकडे पाऊस संपला तरी सुटका कुठे? गळीत हंगामात ट्रॅक्टरची चाकं शेतातला चिखल डांबरावर आणून टाकतात, वर पाचट. तिथे कुठलाच टायर वाचवत नाही, वेग कमी करायचा.

लाल चिखलात मात्र नॉबीच भारी, हे मान्य. बटणांमधल्या मोकळ्या जागेतून चिखल फेकला जातो. अरुंद खाचांमध्ये तो भरून बसतो आणि टायर गुळगुळीत होतो. पण शेवाळलेल्या जांभ्यावर बटणांचा काही उपयोग नाही, तिथे मऊ रबर धरतं. (मसाई पठार डोक्यात असेल तर गाडी खाली लावा आणि चालत जा, फुलं तुडवू नका.)

चिखलाचा फारच नाद असेल तर पुढे पन्नास-पन्नास, मागे सत्तर-तीस. मागचं चाक घसरलं तर बहुतेक वेळा सावरता येतं, पुढचं निसटलं की आडवेच. शिवाय मागचा टायर लवकर झिजतो, तिथे महागडी बटणं जाळायची कशाला? फक्त ओल्या डांबरावर पुढचा ब्रेक बेतानं.

कंपनीकडून गाडीबरोबर आलेला सिएट ग्रिप एक्सएल काही वाईट नाही, झिजला म्हणून बदलत असाल तर तोच पुन्हा घ्यायला हरकत नाही. आकार बदलू नका: पुढे ९०/९०-२१, मागे १२०/९०-१७. ‘रुंद टायर रुबाबदार दिसतो’ असं कुणी म्हणालं तर कानाडोळा करा. गाडी वळायला जड होते. बाजूवर चार आकडी तारीख असते, पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. दुकानात पडून राहिलेला जुना माल स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका.

तुमची चाकं ट्यूबची आहेत, म्हणून कच्च्या रस्त्यावर हवा कमी करायची ती थोडीच. फार उतरवली की दगडावर आपटून ट्यूब रिमखाली चिमटते आणि दोन भोकं पडतात. डांबरावर आलात की लगेच पुन्हा भरा, हातपंप जवळ ठेवा. उद्यमनगरात असो की हायवेला, टायर चढवताना बाण चाक फिरण्याच्या दिशेला आहे ना ते स्वतः बघा, आणि जुनी ट्यूब परत आत घालू देऊ नका.